चौतीस किलो कमी

आप्पा खैरनार आमच्या शेजारच्या रो-हाउसमध्ये राहायला आले, त्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कुंपणापलीकडून मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सत्तेचाळीस. चपला काढल्या तर साडेसेहेचाळीस."

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो, त्यामुळे हे वय नसणार एवढं कळलं. पुढच्या रविवारी नाशिकरोड स्टेशनवर गेलो, तेव्हा तिथल्या मशीनमध्ये नाणं टाकून पाहिलं. सत्तेचाळीस. तिकिटाच्या मागे भविष्य छापलं होतं की लवकरच एक प्रभावी व्यक्ती तुमच्या आयुष्यात येईल.

मी शाळेत मराठी शिकवतो. माझ्या तब्येतीवर मुलांनी फळ्यावर जे काही लिहायचं ते लिहून झालेलं आहे. पण माझं वजन पाहून ज्याचा चेहरा खुलला असा हा पहिलाच माणूस. तो आनंद मला पुढं कुठं नेऊन बसवणार आहे हे तेव्हाच कळतं, तर मी रोज दोन केळी जास्त खाल्ली असती.

आप्पा मूळचे नामपूरचे. त्यांचे वडील तिथल्या कांदा मार्केटात तोलार होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून देणारे. त्या कामाचे दोन नियम आप्पांच्या अंगात भिनलेले. पहिला, मोजताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. दुसरा, काट्यावर जे वजन येईल ते खणखणीत आवाजात पुकारायचं. विकणाऱ्याला ऐकू गेलं पाहिजे आणि घेणाऱ्यालाही. "पुटपुटला तो चोर," असं वडील म्हणायचे. आप्पा हे वाक्य ज्या सुरात सांगायचे त्यावरून लहानपणी ते एकदा तरी पुटपुटले असावेत आणि त्यांनी मार खाल्ला असावा.

स्वतः आप्पा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पितळी ताणकाटा. कुठलीही वस्तू समोर आली की आधी तिला आकड्याला लटकवायचं आणि विचारायचं, "वजन कितलं शे?" म्हणजे वजन किती आहे. उत्तर काट्यावर दिसत असतानाही विचारायचं. आमच्या मेव्हणीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी लटकवली आणि "एकशे तीस ग्रॅम!" असं पुकारून मुलीकडच्यांची कीव केली. दात घासायचा ब्रश विकत आणला की अर्धी दांडी कापून टाकायचे. पंचांगाची गेलेल्या महिन्यांची पानं फाडलेली असत. छत्रीच्या एकाआड एक काड्या त्यांनी काढल्या होत्या, त्यामुळे ती हलकी झाली होती आणि वाऱ्यात हमखास मिटायची.

"जड वस्तू म्हणजे डोकं न वापरलेली वस्तू, सर," ते मला सांगायचे. "ज्याला कुठं ताकद लागते ते कळत नाही, तो सगळीकडं लोखंड घालून मोकळा होतो."

या तत्त्वज्ञानाचा सगळ्यात मोठा मार कमलवहिनींना बसला. वहिनी चांगल्या भरल्या अंगाच्या, हसऱ्या. त्यांच्या मणक्यात गॅप होता आणि कमरेला पट्टा लावावा लागे. एका दुपारी त्या झोपलेल्या असताना आप्पांनी त्या पट्ट्यातल्या पोलादी पट्ट्या उसवून काढल्या. "एकशे दहा ग्रॅम तू रोज फुकट वागवतेस," असं वर समजावून सांगितलं. दोन दिवस वहिनी अंथरुणातून उठल्या नाहीत आणि दोन दिवस आप्पांनी पिठलं-भात करून खाऊ घातला. तिसऱ्या दिवशी पट्ट्यात परत पट्ट्या होत्या, पण ॲल्युमिनियमच्या. आप्पांनी टूलरूममध्ये सुट्टीनंतर थांबून त्या घासल्या होत्या, वहिनींच्या पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवल्या होत्या. "आता अडतीस ग्रॅम," एवढंच म्हणाले.

मग गाडी. कारखान्याच्या ऑफिसात कुणा पुरवठादारानं दिलेलं कॅलेंडर होतं. त्यातल्या एका पानावर इंग्लंडमधली जुनी, दोन माणसांची, रेसची बुटकी गाडी होती. महिना संपल्यावर ते पान आप्पांनी मागून घेतलं. चित्रातल्या चाकाची उंची माहीत आहे म्हणजे बाकी सगळं काढता येतं, असा त्यांचा हिशेब. व्हर्नियर लावून त्यांनी ते चित्र मोजलं आणि घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पत्रा टाकून सहा वर्षं ती गाडी बांधली. चौकोनी पाइपची चौकट, वरून फायबर, मागं एका मोडक्या व्हॅनचं इंजिन. जिथं म्हणून भोक पाडता येईल तिथं भोक पाडलं होतं. ब्रेकच्या पायदानालासुद्धा सहा भोकं होती. हिरवा रंग आणि पुढं डोळ्यांसारखे दोन वर आलेले दिवे, त्यामुळे कॉलनीनं तिचं नाव नाकतोडा ठेवलं.

घरी बांधलेली गाडी, त्यामुळे तिला नंबर मिळणार नव्हता आणि ती रस्त्यावर काढता येत नव्हती. तिला पळायला वर्षातला एकच दिवस मिळायचा. एप्रिलमध्ये, द्राक्षांची काढणी संपून बागांची खरड छाटणी चालू झाली की दिंडोरीकडच्या एका बागायतदाराच्या मुरमाड माळावर मोटारींचे हौशी लोक जमायचे. पिंपं मांडून वळणावळणाची वाट आखलेली असायची. एका वेळी एक गाडी, तीन फेऱ्या, आणि घड्याळ. ज्याचा वेळ कमी तो जिंकला.

दोन वर्षं तिथं एकच माणूस जिंकत होता. समीर त्याचं नाव, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या घरातला. त्याच्याकडं अमेरिकेहून आणलेली पिवळी गाडी होती. आठ सिलिंडर, सतराशे किलो. ती सुरू झाली की बागेतल्या तारा थरथरायच्या. आप्पा तिला रेडा म्हणायचे. "ताकद आहे, नाही म्हणत नाही," ते म्हणायचे, "पण ती सगळी स्वतःचंच अंग ओढण्यात जाते."

आदल्या वर्षी आप्पा त्या रेड्याकडून अर्ध्या सेकंदानं हरले होते. त्यानंतर कॉलनीच्या गणपतीच्या मिटिंगमध्ये, वर्गणीचा विषय चालू असताना, ते उभे राहिले आणि पुकारले, "पुढच्या एप्रिलला नाकतोडा हरला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या हातानं ग्राइंडर लावून तो कापीन. तोलाराच्या पोराचा शब्द आहे." कुणी विचारलं नव्हतं. पण आप्पांचा शब्द म्हणजे काट्यावरचं वजन, एकदा पुकारलं की फिरत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींना जास्त ठाऊक होतं. त्या दिवशी घरी जाताना त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "सहा वर्षं माझ्या उशापाशी खाटखूट केली. मला एकदा बसवलं नाही तिच्यात, का तर म्हणे वजन. आता कापायला निघाले."

खरंच बसवलं नव्हतं. गाडीत चालवणाऱ्याशेजारी एक माणूस लागतो असा स्पर्धेचा नियम होता. त्यानं फेऱ्या मोजायच्या. आप्पांनी कॉलनीतल्या सगळ्या प्रौढ पुरुषांवर नजर फिरवली आणि त्यांची निवड माझ्यावर येऊन थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या तरी गोष्टीत पहिला आलो होतो.

त्या एप्रिलच्या सकाळी आम्ही नाकतोडा टेम्पोत चढवून माळावर पोचलो. वहिनी टेम्पोत पुढं, मांडीवर डब्याची पिशवी. मी आदल्या रात्री जेवलो नव्हतो. आप्पांना वाटलं मी गाडीच्या भल्यासाठी उपाशी राहिलो, आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

नोंदणीच्या टेबलाशी पंच बसले होते, पांढरी टोपी घातलेले, शांत गृहस्थ. अर्जात यंदा गाडीच्या वजनाचा नवा रकाना होता. पंच म्हणाले, "आमच्याकडं काटा नाही, आप्पा. साधारण सहाशे लिहितो."

"साधारण?" आप्पा म्हणाले. कुणी त्यांच्या आईवरून बोललं असतं तरी त्यांचा चेहरा इतका पडला नसता.

ते तडक बागायतदाराच्या पॅकिंग शेडमध्ये गेले. हंगाम संपल्यामुळं द्राक्षांच्या पेट्या तोलायचे काटे तिथं रिकामेच पडलेले होते. त्यातले चार त्यांनी आणवले, जमीन सपाट करून मांडले, प्रत्येक चाकाखाली एक. गाडीत आम्ही दोघं बसलो. आप्पांनी चारही आकडे वाचायला लावले, मनात बेरीज केली, आणि गाडीतच उभे राहून माळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं पुकारलं:

"गाडी चारशे एकवीस! मी अठ्ठावन्न! सर सत्तेचाळीस! एकूण पाचशे सव्वीस!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी आकडा लिहून घेतला. मीही जरा छाती पुढं काढली.

सकाळच्या पहिल्या पाळीबद्दल मी सविस्तर लिहू शकत नाही, कारण बराच वेळ माझे डोळे मिटलेले होते. बसायची जागा इतकी खाली की हात बाहेर काढला तर मुरूम लागला असता. आप्पा घरात मुंगीला वाट देणारा माणूस, पण हातात स्टेअरिंग आलं की त्यांचे ओठ पातळ व्हायचे आणि वळणागणिक ते गिअरशी अहिराणीत बोलायचे. पिंपं अंगावर येत होती आणि शेवटच्या क्षणी बाजूला होत होती. आणि मग बांध आला.

दोन शेतांमधला जुना बांध वाटेत आडवा होता, गुडघाभर उंच, चढउतार दिलेला. तिथं रेड्याला जवळजवळ थांबावं लागायचं, नाही तर त्याचं पोट फाटलं असतं. आप्पांनी वर्षभर नाकतोड्याच्या स्प्रिंगा बदलल्या होत्या त्या याच बांधासाठी. त्यांनी पाय जराही उचलला नाही. गाडी वर गेली. इंजिनाचा आवाज बदलला, खाली काहीच नव्हतं, आणि मग माझं बूड, मणके आणि दात या क्रमानं जमीन परत आली. जीभ चावली गेली. तोंडात रक्ताची चव असताना मी ओरडलो, "लाभ!" कारण फेरी मोजायची होती. असं तीन वेळा झालं.

तीन मिनिटं आठ सेकंद. रेड्याला सकाळी तीन मिनिटं बारा लागली होती. सगळ्यांत कमी वेळाचे म्हणून अंतिम फेरीला हेच दोघं राहिले. मी बाहेर पडून बाभळीखाली आडवा झालो आणि वहिनींनी मला हळदीचं पाणी दिलं. आप्पा गाडीभोवती फिरत होते, आणि मी त्यांना शीळ घालताना पहिल्यांदाच ऐकलं.

मग पंच आले. त्यांच्यामागं समीर, आणि समीरचा मेकॅनिक हातात नियमांचं पुस्तक घेऊन. समीर भला मुलगा होता, त्याची नजर खाली होती. पंच म्हणाले, "आप्पा, घरी बांधलेल्या गाडीला दोन माणसांसकट कमीत कमी पाचशे साठ किलो लागतात. नियम आहे. तुमची पाचशे सव्वीस भरली."

"चौतीस किलो कमी," आप्पा म्हणाले. असा हिशेब त्यांच्या तोंडून आपोआप यायचा.

"तुम्ही हळूच सांगितलं असतं तर मी साधारण सहाशेच लिहिलं असतं हो," पंच अगदी कळवळून म्हणाले. "पण तुम्ही पुकारलंत. सगळ्यांनी ऐकलं. आता मला करता येत नाही."

आयुष्यभर ग्रॅम-ग्रॅम घासून काढलेला माणूस हलका आहे म्हणून बाद होत होता, आणि तोही स्वतःच्याच आवाजानं. मला रडू येईलसं वाटलं. मी म्हणालो, "वाळूच्या गोण्या टाकू."

"सुटं वजन चालत नाही," पंच म्हणाले. "बोल्टनं बसवलेलं पाहिजे, नाही तर पट्टा बांधलेलं माणूस पाहिजे. अंतिम फेरीला वीस मिनिटं आहेत."

वीस मिनिटांत बोल्ट कुठले? मग माणूस. माझ्या जागी एक्क्याऐंशी किलोचा माणूस हवा. बातमी पसरली आणि माळावरचे जाडे लोक आपणहून पुढं येऊ लागले. टेम्पोवाला शहाण्णव होता. बागायतदाराचा भाऊ म्हणाला, मी येतो, मला मोटरसायकलच्या रेसची सवय आहे. आप्पांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं. "त्र्याऐंशी," ते म्हणाले. "दोन किलो जास्त."

आणि मग ते वळले. बाभळीखाली वहिनी डबे उघडून बसल्या होत्या. त्यांच्याकडं न पाहता, पंचांकडं बघत, आप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "आमची मंडळी. एक्क्याऐंशी."

दोनशे लोकांसमोर. वहिनींच्या हातातली पोळी हातातच राहिली. त्यांना मी कधी इतकं लाल झालेलं पाहिलं नव्हतं.

"काट्यावर घ्यावं लागेल," पंच चाचरत म्हणाले.

"घ्या की," वहिनी उठल्या आणि पदर खोचून काट्यावर उभ्या राहिल्या. एक्क्याऐंशी आणि वर साडेसहाशे ग्रॅम. लोक हसले. आप्पा म्हणाले, "पिशवी खाली ठेव." वहिनींनी खांद्यावरची पिशवी काढली, तिच्यात लसणाच्या चटणीची बरणी होती. काटा एक्क्याऐंशीवर येऊन थांबला.

लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. मी मात्र थंड पडलो होतो, कारण तो बांध माझ्या मणक्यांत अजून होता. मी आप्पांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. "आप्पा, वहिनींची कंबर. त्या बांधावर माझी काय गत झाली बघितलीत ना? डॉक्टरनं धक्का नको सांगितलाय त्यांना."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग नाकतोड्याकडं. "दुसरा इलाज शे का, सर?" ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना पुटपुटताना मी पहिल्यांदा ऐकलं.

वहिनी तोवर येऊन गाडीशी उभ्या होत्या. आप्पांनी विचारलं, "तुले भेव वाटस का?"

"माले कसानं भेव?" वहिनी म्हणाल्या. "सहा वर्षं झाली थांबले. एस्टीत नाही का धक्के बसत? चाल आता."

जागा माझ्या मापाची होती. त्यांना बसवायला आम्ही दोघं लागलो, पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढावा लागला. गाडी त्या बाजूला झुकली. आप्पांनी पट्टा स्वतः तपासला, मग कमरेच्या पट्ट्यावरून हात फिरवून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जागेवर आहेत का ते पाहिलं. मला त्यांनी स्टॉपवॉच दिलं आणि पंचांशेजारी उभं केलं.

रेडा आधी सुटला. सरळ वाटेवर धुळीचा भिंतीएवढा लोट, वळणावर ब्रेकची किंकाळी, बांधावर थांबून हळूच उतरणं, पुन्हा गर्जना. तीन मिनिटं बारा सेकंद, सकाळइतकेच. समीरनं गाडी बाजूला लावली आणि उतरून आमच्याजवळ येऊन उभा राहिला.

झेंडा पडला. नाकतोडा सुटला, आणि जड सुटला. सकाळचा तो चटका नव्हता. पण पहिल्या वळणावर आप्पांनी पिंपाला इतकी घासून गाडी काढली की समीर "अरे बापरे" म्हणाला. दुसरं वळण, तिसरं. वहिनींचा पदर हेल्मेटखालून सुटून मागं फडफडत होता. जे सरळ वाटेवर जात होतं ते वळणांवर भरून येत होतं. मग बांध. मी कमरेवर हात ठेवला, जणू कंबर माझीच होती.

बांधाच्या अलीकडं इंजिनाचा आवाज खाली आला. गाडी चढली, उतरली. बैलगाडी उतरावी तशी. कुणाला काही कळलं नाही, कारण सगळ्याच गाड्या तिथं हळू होत होत्या. मला कळलं. मी सकाळी त्याच जागेवरून उडालो होतो.

"लाभ!" वहिनींचा आवाज माळभर घुमला. चौसष्ट सेकंदांत यायला हवं होतं, पासष्ट झाले होते.

दुसऱ्या फेरीत आप्पा काय चालवत होते ते मला सांगता येणार नाही. एक मागचं चाक वळणावर जमिनीला टेकतच नव्हतं. एका पिंपाला फायबर घासलं आणि हिरवा टवका उडाला. बांधापर्यंत ते पुढं होते. बांधावर पुन्हा आवाज खाली आला. पुन्हा चढली, उतरली. "दोन!" दोन मिनिटं नऊ सेकंद. एका सेकंदानं मागं.

"आता बांध उडवला तर जिंकले," समीर माझ्या कानाशी म्हणाला. माणूस स्वतःच्या विरुद्ध बोलत होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

तिसरी फेरी. पहिलं वळण, दुसरं, सरळ वाट. घड्याळावरचा माझा अंगठा घामानं निसटत होता. तिसऱ्या वळणातून गाडी बाहेर आली तेव्हा मी आकडा बघितला. त्यांच्या हाताशी वेळ होता. पाय न उचलता बांधावरून गेले असते तर दीड सेकंदानं जिंकत होते. समोर बांध, पलीकडं रेघ. सहा वर्षांची गाडी आणि गणपतीच्या मिटिंगमध्ये पुकारलेला शब्द. मी तोंडातल्या तोंडात म्हणत होतो, उडवा आप्पा. आणि त्याच दमात म्हणत होतो, नका उडवू.

इंजिनाचा आवाज खाली आला.

तीन मिनिटं तेरा सेकंद. पिवळ्या गाडीकडची मंडळी ओरडली. समीर मात्र नाकतोड्याकडं धावला. आप्पा अजून स्टेअरिंग धरून बसले होते. "कार्बोरेटरचा जेट चोकला," ते कुणी न विचारता म्हणाले. "बांधापाशी दर वेळी दम सोडत होता. काल साफ करायला पाहिजे होता."

तो जेट आदल्या दिवशी त्यांनी दोनदा साफ केला होता. मी कंदील धरून उभा होतो.

वहिनींना आम्ही दोघांनी हात देऊन बाहेर काढलं. चेहरा धुळीनं माखलेला, डोळे लकाकत होते. त्या सरळ उभ्या राहिल्या, कंबर जागेवर होती. "काय सर!" त्या मला म्हणाल्या. "गाडी उडते, मणके मोडतात, काय काय सांगत होता तुम्ही. मला तर झोपाळ्यात बसल्यासारखं वाटलं. उगाच घाबरता तुम्ही!"

मी आप्पांकडं पाहिलं. ते खाली वाकून टवका उडालेल्या जागेवर बोट फिरवत होते. मी म्हणालो, "मी घाबरटच आहे, वहिनी." मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी इतकं प्रेम वाटलं की मीही वाकून त्या टवक्यावर बोट फिरवलं.

परतताना टेम्पोत हरल्याचं वहिनींच्या ध्यानात हळूहळू येत गेलं, आणि उद्या सकाळचंही. गंगापूर रोडला लागल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कापशात का हो खरंच?" आप्पा म्हणाले, "शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास ग्राइंडरचा आवाज सुरू झाला. लोखंड कापताना तो जसा किंचाळतो, तसा. कॉलनीतले लोक गॅलरीत येऊन उभे राहिले, कुणी खाली उतरलं नाही. वहिनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या, कानावर हात ठेवून. "मी बसले म्हणून ते हरले," त्या माझ्या बायकोला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "एक्क्याऐंशी किलोनं हरवलं हो त्यांना."

माझ्यानं ते ऐकवेना. मी चपला घालून कुंपण ओलांडून गेलो.

नाकतोडा उघडा पडला होता, फायबरचं अंग भिंतीला टेकवलेलं. ठिणग्या उडत होत्या. डावीकडच्या बसायच्या जागेचे पाइप कापून खाली पडले होते. फक्त डावीकडचे. उजवी बाजू, इंजिन, चाकं, सगळं जागच्या जागी होतं. शेजारी नवे पाइप खडूनं खुणा करून मांडले होते, जुन्यांपेक्षा जाड आणि वीतभर लांब. त्यांच्यावर वहिनींच्या पलंगावरची कापसाची गादी, गुंडाळी करून ठेवलेली. आणि घडी पडलेल्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला पाठीचा बाक.

आप्पांनी ग्राइंडर थांबवला, चष्मा वर केला. "कापीन म्हटलं होतं," ते म्हणाले. "कापली."

मी त्या जाड पाइपांकडं पाहिलं, गादीकडं पाहिलं. सवयीनं मीच विचारलं, "आप्पा, वजन कितलं शे याचं?"

त्यांनी खिशाला हात लावला. खिसा रिकामा होता. ताणकाटा मागं खिळ्याला लटकत होता, त्याला वहिनींचा कमरेचा पट्टा अडकवलेला.

"तोललं नाही," आप्पा म्हणाले, आणि एवढ्या हळू म्हणाले की कुंपणापलीकडं ऐकू गेलं नसतं. मग त्यांनी नव्या पाइपाचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि नीट धरायला सांगितलं.